आधी दार, मग देव

भगवानभाऊ कुणाच्याही लग्नाला गेले की आधी मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला जायचे. नवरा-नवरी राहिले बाजूला, जेवणात काय आहे तेही राहिलं बाजूला, हा माणूस आधी मागचं दार शोधणार. दार सापडलं की ते उघडतं का ते बघणार, उघडलं की बाहेरची वाट मोकळी आहे का ते बघणार, आणि मगच पुढं येऊन अक्षता हातात घेणार. देवळातसुद्धा तीच तऱ्हा. "आधी दार, मग देव," असं पुटपुटत ते गाभाऱ्याकडं पाठ करून उभे राहायचे आणि पुजारी त्यांच्याकडं संशयानं बघायचा. त्याला वाटायचं, हा चप्पलचोर तर नव्हे!

आमच्या कंपनीतल्या एका स्टोअरकीपरचं लग्न थेरगावला होतं. आचाऱ्यानं मागच्या दाराला कांद्याच्या गोण्या आणि कोल्ड्रिंकचे क्रेट टेकवून ठेवले होते. भाऊंनी ते बघितलं आणि सरळ बाह्या वर केल्या. नवरदेवाचा मामा धावत आला, "अहो, काय चालवलंय? मुहूर्त टळतोय!" भाऊ म्हणाले, "मुहूर्त ढकला पुढं. आग काय पंचांग बघून येती व्हय?" इकडं मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिकडं हा आमच्या कंपनीचा सुरक्षा अधिकारी इस्त्रीच्या शर्टात खांद्यावर कांद्याची गोणी घेऊन चाललेला. मी हसून हसून अर्धमेली झाले. दार मोकळं झाल्यावरच ते जेवायला बसले आणि मग मात्र जिलेबी तीनदा मागून घेतली.

आम्ही एकाच कंपनीत होतो. मी क्वालिटीला, ते सेफ्टीला. कुरुळीत आमच्या घरमालकांनी कांद्याच्या वावरात चार मजली इमारत उभी केली, त्यात भाऊ आणि मंगलवहिनी आमच्या डोक्यावर राहायचे. ते लातूरकडचे, आम्ही संगमनेरचे. मी राहायला आले त्याच दिवशी ते न विचारता माझ्या स्वयंपाकघरात शिरले आणि गॅसची नळी वाकून बघायला लागले. मी मुळातच तापट बाई. म्हटलं, "भाऊ, माझ्या स्वयंपाकघरात तुमचं काय काम?" तर मान वर न करता म्हणाले, "ताई, नळी तडकली हाय. भांडण उद्या करू, आधी नळी बदला." संध्याकाळी स्वतःच नवी नळी घेऊन आले. भांडण मग राहूनच गेलं, ते कायमचं.

हे आगीचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते भोसरीकडं एका लहान वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. तिथं चोरी होते म्हणून मालकानं मागचं दार वेल्डिंग करून टाकलेलं. आग लागली, सगळे पुढच्या दारानं कसेबसे बाहेर पडले. भाऊंचा जोडीदार बाहेर आला होता, भाऊंनी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण त्याला वाटलं भाऊ आतच राहिले. भाऊ तर रस्त्यापलीकडच्या टपरीवर पाणी पीत होते. तो त्यांना हाका मारत परत आत गेला आणि पुन्हा आला नाही. "बाहेर आलेला माणूस परत आत गेला, ताई," ते म्हणाले. "मी जागेवर उभा असतो तर दिसलो असतो की त्याला." त्या दिवशी त्यांचा चहा तसाच थंड झाला.

म्हणून कंपनीतल्या ड्रिलमध्ये त्यांचा नियम एकच आणि कडक. भोंगा वाजला की हातातलं सोडायचं, गेटजवळच्या हिरव्या पाटीखाली दोन रांगांत उभं राहायचं आणि भाऊंनी डोकी मोजून 'ऑल क्लिअर' म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. "बाप बोलवायला आला तरी हालायचं न्हाई. मी सांगतो तवाच हालायचं." एकदा ऐन मे महिन्यात ड्रिल चालू असताना त्यांना साहेबांनी आत बोलावलं आणि ते तिथंच अडकले. आम्ही उन्हात उभे. घामाच्या धारा लागल्या, एकाला चक्कर आली, त्याला तिथंच खाली बसवलं, पण रांग मोडली नाही. प्रॉडक्शनवाले लाइन बंद पडली म्हणून शिव्या देत होते. भाऊ धावत आले आणि आम्हाला तसं उभं बघून त्यांची छाती अशी काही फुगली, की विचारू नका! सगळ्यांना लिंबूसरबत पाजलं आणि दिवसभर सांगत सुटले, "माझी माणसं हालत न्हाईत राव."

चाकणच्या पलीकडं वनखात्याचा एक डोंगर आहे. खात्याची परवानगी काढून आमच्या कंपनीतले वीस-पंचवीस जण दर रविवारी तिथं झाडं लावायला जायचे. कडुनिंब, करंज, बहावा, शिरीष. पाच वर्षांत काही झाडं आमच्या डोक्यावर गेली होती. भाऊ अर्थातच त्यातही पुढारी. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी आमच्याकडून लागवडीभोवती जाळरेषा काढून घेतली, म्हणजे रुंद पट्टा गवत काढून उघडा बोडका केला, की खालून वणवा आला तर तिथंच थांबावा. खालच्या वस्त्यांवरचे लोक दरसाल गवत पेटवतात. जाळलं की पुढचा चारा जोमदार येतो, ही जुनी समजूत. भाऊ त्यांच्या दारोदार हिंडून हात जोडायचे. लोक चहा पाजायचे, "व्हय व्हय, न्हाई पेटवत आमी," म्हणायचे आणि होळी झाली की पेटवायचे.

डोंगरावरसुद्धा भाऊंना ड्रिल लागायचंच. गळ्यात शिट्टी असायची. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी वरच्या पाण्याच्या टाकीपाशी जमायचं. काळी प्लास्टिकची मोठी टाकी, लागवडीच्या मधोमध, घळीच्या वरच्या तोंडाशी. पाणी तिथं, सावली तिथं. आम्हालाही ती जागा बरोबरच वाटली. टाकीभोवतीचं गवत कमरेएवढं वाढून वाळलं होतं, पण जाळरेषेच्या आतलं म्हणून ते कुणी कापलं नव्हतं.

होळीनंतरच्याच रविवारी भर दुपारी खालून धूर आला. भाऊंनी वनखात्याला फोन लावला आणि चौघांना घेऊन खाली जाळरेषेवर उतरले. आम्ही बाकीचे वर झाडांपाशी थांबलो. ओल्या फांद्यांनी झोडपत, ओली पोती टाकत त्यांनी जवळजवळ अख्खी कड विझवत आणली. खालचा उतार काळा पडला, ज्वाळा बसल्या. आम्ही वरून टाळ्या वाजवल्या! सुनील नावाचा आमचा फिटर ओरडला, "भाऊ, एक नंबर!" भाऊंनी हात वर केला. आणि तेवढ्यात वारा फिरला.

गवताचा एक पेटता झुपका उडून जाळरेषेच्या अलीकडं पडला. पुढं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, तरी मला अजून खरं वाटत नाही. आग घळीत शिरली आणि तिथून सरळ वर निघाली. भाऊंचा हात सवयीनं शिट्टीकडं गेला आणि त्यांनी तीन शिट्ट्या मारल्या.

आम्ही टाकीपाशी जमलो. होय, जमलो! समोरून आग चढत येत होती आणि आम्ही रांगा नीट करत होतो. मी पहिल्या रांगेत सगळ्यात पुढं. सुनील मागून म्हणाला, "कुणी हलू नका, भाऊ येतायत." खाली भाऊ दोन्ही हात हलवत होते. आम्हाला वाटलं, थांबा म्हणतायत. ते 'पळा' म्हणून ओरडत होते, हे त्यांच्याबरोबरच्या चौघांनी नंतर सांगितलं. आगीचा आवाज इतका मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही शिकलेसवरलेले, मशिन चालवणारे लोक! एकालाही पळावंसं वाटलं नाही? वाटलं असणार. मला तर वाटलंच. पण पाय उचलेनात, कारण 'ऑल क्लिअर' झालेलं नव्हतं.

खालचे चौघं जळून गेलेल्या जागेवर होते. जिथं सगळं जळून गेलंय तिथं पुन्हा आग येत नाही, त्यामुळं ते सुखरूप होते. भाऊही तिथंच होते. त्यांनी तिथंच थांबायला हवं होतं. पण ते ओलं पोतं डोक्यावर घेऊन आगीच्या कडेकडेनं वर आले, धुरातून, जिथं पाऊलवाट होती तिथून. ते समोर आले तेव्हा त्यांच्या भुवया नव्हत्या आणि गळ्यातून धड आवाज निघत नव्हता. मी खुळ्यासारखं विचारलं, "भाऊ, मोजताय ना?" त्यांनी मला थोबाडीत मारली. इतकी जोरात, की मी दोन पावलं मागं गेले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पळा! काळ्यात पळा!"

पाऊलवाटेवर गवत विरळ होतं, ज्वाळा गुडघ्याएवढ्याच होत्या. भाऊ तिथं पोत्यानं ज्वाळा दाबत उभे राहिले आणि एकेकाला दंडाला धरून पलीकडच्या काळ्या, जळक्या जमिनीवर ढकलायला लागले. मी पहिली गेले. तळवे भाजले, केस जळाल्याचा वास आला, पण पलीकडं पोचले. माझ्यामागून सगळे आले. सुनील शेवटचा. भाऊ त्याच्या मागून आले, चार पावलं चालले आणि बसले. मग आडवे झाले. वर टाकी वितळून खाली बसली आणि इतक्या दिवसांचं साठवलेलं पाणी घळीतून वाहत गेलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी वरच्या अंगाला पट्टा जाळून घेऊन संध्याकाळपर्यंत वणवा अडवला. आमचा एकही माणूस दगावला नाही, असं त्या वेळी आम्ही एकमेकांना सांगत होतो.

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, कातडीपेक्षा फुप्फुसं जास्त भाजलीत. मला काचेपलीकडं आत सोडलं तेव्हा भाऊ शुद्धीवर होते. मी म्हटलं, "भाऊ, सगळे आहेत. मी मोजले." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एकेक शब्द ओढून काढावा तसं बोलले. "ताई, मी तुमाला उभं राहायला शिकवलं. जागा चुकली तर पळायचं, हे शिकवायचंच राहिलं." मी म्हणणार होते की नाही भाऊ, तुमची चूक नाही. पण ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, की मला खोटं बोलवलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.

आळंदीला इंद्रायणीच्या काठावर त्यांना अग्नी दिला. बायकांनी घाटावर जायचं नसतं म्हणे. मी गेले. ज्या माणसानं उभा जन्म आगीशी वैर केलं, त्याला आगीतच ठेवलं. मी रडले नाही. मला नुसता राग येत होता, त्या वाऱ्याचा, त्या शिट्टीचा, आमचा सगळ्यांचा.

रीतीप्रमाणं सगळे कुरुळीला घरी परत आलो. दारात दिवा ठेवलेला होता. एकेकानं दिव्याचं दर्शन घेतलं, कडुनिंबाचं पान चावलं. त्यानंतर कुणाचा निरोप न घेता आपापल्या घरी जायचं असतं. पण कुणी गेलं नाही. डोंगरावरचे सगळे जण इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत येऊन थांबले, आणि कुणी काही न सांगता दोन रांगा झाल्या. मीही माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. घरमालक तात्या म्हणाले, "आरं, जावा आता घरला." कुणी हललं नाही. ऊन डोक्यावर होतं.

मग मंगलवहिनी दारात आल्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, रांगांकडं बघितलं, आणि त्यांना काय झालंय ते कळलं. त्या रडल्या नाहीत, उलट ओरडल्याच.

"त्यांनी शेवटाला पळा म्हणलं होतं ना तुमाला? मग थांबलाव कामून? जावा की! लेकरं वाट बघत असतील."

पहिली मी निघाले, कारण रांगेत सगळ्यात पुढं मीच होते.