नारळी पौर्णिमेला अडलेलं टेबल

बोईसरच्या कारखान्यात मी प्रोग्रॅमर होते, तेव्हा वीज कधी दगा देईल याचा नेम नसायचा. एकदा ऐन कामात लाइट गेली, दिवसभर भरलेलं सगळं पुसलं गेलं आणि मी रडकुंडीला आले. तेव्हापासून प्रोग्रॅमला सवयच लावली, की एक नोंद भरली की लगेच सेव्ह. वर पाच-सहा इंडेक्स लावून ठेवले, म्हणजे माल नावाने शोधा, तारखेने शोधा, चटकन सापडणार. केवढी ऐट होती मला त्याची!

मग गोदामाची जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं. टाइप करायला जवळच्याच नवापूरच्या एक ताई होत्या, कोळ्यांच्या घरातल्या, माझ्याहून मोठ्या. त्यांच्या फ्लॉप्या मी एका मोठ्या टेबलात, म्हणजे प्रोग्रॅममधल्या नोंदींच्या तक्त्यात, ओतायचे. सुरुवातीला भराभर चाललं, पण टेबल फुगत गेलं तसं मशीन रेंगाळायला लागलं. साहेबांनी फर्मान काढलं, काम संपल्याशिवाय कुणाला सुट्टी नाही.

नारळी पौर्णिमेच्या सकाळी ताई माझ्या खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, भावाची नवी होडी हाय. दुपारच्या भरतीला लोटायची. दर्याला नारल मलाच द्यायचा हाय. जाऊ ना?"

माझं डोकं आधीच फिरलेलं. "तुमच्या टायपिंगमध्ये घाण आहे म्हणून मशीन अडकतंय, आणि तुम्हाला होडी सुचतेय? आधी ही फ्लॉपी पुन्हा टाइप करा!" सगळ्यांसमोर ओरडले मी. त्या जाऊन टाइप करत बसल्या.

दुपार उलटल्यावर नवी फ्लॉपी घातली. पुन्हा तेच रडगाणं! मग नाइलाजाने स्वतःचा प्रोग्रॅम उघडून बसले. अगं बाई! डब्यात तांदूळ भरताना प्रत्येक दाण्यामागे झाकण लावावं, तसं माझं चाललं होतं. एकेक नोंद सेव्ह होत होती आणि दर नोंदीला सगळे इंडेक्स नव्याने लागत होते. मी इंडेक्स काढले, हजार नोंदींमागे एकदाच सेव्ह ठेवलं आणि ताईंची सकाळची, पुन्हा टाइप करण्याआधीची फ्लॉपी घातली, जशीच्या तशी. कपातला चहा निवायच्या आत सगळं भरून झालं. इंडेक्स शेवटी एकदाच बांधले.

लाजेने कान तापले. तशीच सगळ्यांसमोर म्हटलं, "ताई, तुमचं टायपिंग चोख होतं. चूक माझी होती. तुम्ही पळा आता."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आता वटी लागली, मॅडम. भरती गेली."

दुसऱ्या दिवशी त्या ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आल्या. पहिली माझ्या हातावर ठेवली. मी कसंबसं विचारलं, नारळ कुणी दिला?

"कुनीच नाय. गावातल्या सगल्या होड्या गेल्या, आमचीच राहिली. भाऊ बोलला, बहीण आल्याबिगर लोटनार नाय." मग हळूच म्हणाल्या, "आज दुपारी लोटतोय. माजं सगलं टाइप झालंय, मॅडम. आज तरी जाऊ ना?"

मी मेलीने मान खाली घालूनच हो म्हटलं.