चिंचेने घासलेली काळी फौज

हाताने घडवलेले धातूचे बुद्धिबळाचे संच जमवायचा मला नाद आहे. बोईसरच्या भंगारवाल्यांना मी पाठ झालेय. "मॅडम, ये तो वजन से जाएगा," असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. वजनावर द्यायला ती काय रद्दी आहे?

माझ्याकडे अकरा संच आहेत, पण जीव अडकलाय तो एकाच संचात. तो मी विकत घेतलेला नाही. सफाळ्याच्या एका काकांनी मला दिला. काका तारापूरच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू फिरवत गोल कापणाऱ्या यंत्रावर, टर्नर होते. जेवणाच्या सुट्टीत, पितळेच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्यांनी बत्तीस मोहरे काढले. घोडा काही लेथवर होत नाही, म्हणून चारही घोडे कानशीने घासून घडवले. काळ्यांतला एक तर चक्क हसतो. सोळा मोहरे पिवळे ठेवले आणि सोळांना जवसाचं तेल लावून, तापवून काळं केलं.

देताना काका म्हणाले होते, "जलमभर दुसऱ्याचे पार्ट काडले. त्यांच्यावर कंपनीचं नाव. ह्या कामावर माजं नाव कुटंतरी लिवलेलं बगाचं हाय." मी शब्द दिला. मुंबईच्या एका जाणकाराच्या मागेच लागले. तो जुने संच पारखून लेखी दाखला देतो. दसरा झाला की पुढच्या पंधरवड्यात येतो, म्हणाला.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बाजार करून माकुणसारला घरी आले, तर ओट्यावर समई, तांबे, घंटा, आणि त्यांच्याच रांगेत बत्तीस मोहरे. सगळेच्या सगळे पिवळेधमक! माझ्या आईने चिंच आणि राख लावून घासले होते.

"कालं पितल कोन ठेवतं घरात? सन हाय," आई म्हणाली. वर कौतुकाची वाट बघत उभी.

बोलले मी, भरपूर बोलले. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली, इतकी बोलले. मग रडले. आईही रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मंग परत कालं कर ना!"

दसरा संपल्यावर पिशवी उचलली आणि सफाळ्याला गेले. काकांनी मोहरे पाहिले आणि पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "काका, तुम्हीच परत काळे करून द्या." त्यांनी हात पुढे केले. दोन्ही थरथरत होते.

"माज्याच्यानं नाय होनार. तू कर. मी बसतो बाजूला."

पहिलं प्यादं डागाळलं. दुसरं करपलं. बोटं भाजली ती वेगळीच. "तेल पातल लाव, पोरी, भजी नाय तलत हायेस!" काका ओरडायचे. बिघडलं की घासायचं, पुन्हा तेल, पुन्हा शेगडी. मीही हट्टाला पेटले होते. चार दिवस रोज गेले आणि सोळावा मोहरा मनासारखा उतरला तेव्हाच उठले.

जाणकार आला. भिंगाखाली एकेक मोहरा फिरवून म्हणाला, "रंग मूळचा दिसतोय. छान." गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण काकांचं नाव खोट्या कागदावर? छट्! सगळं सांगून टाकलं, चिंचेसकट. त्याने कपाळावर हात मारला आणि किंमत निम्म्यावर आणली. मग हसऱ्या घोड्याच्या कानात त्याने भिंग धरलं. तिथे आईची चिंच पोचली नव्हती, आतला जुना काळा रंग तसाच होता. संच जुना असल्याचा तो पुरावा बघून तो दाखला लिहायला बसला.

संध्याकाळी तो कागद काकांना वाचून दाखवला. घडण कुणाची, तिथे त्यांचं पूर्ण नाव होतं. ती ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. खालची ओळ होती, 'काळा रंग अलीकडचा, दुसऱ्या कुणाचा.'

"हा दुसरा कोन?" काका एकदम तडकले. "चार दिस बोटं भाजून घेतली ती कोन? तुजं नाव लिव तितं."

"काका, दाखल्यावर खाडाखोड केली तर उरलीसुरली किंमतही जाईल."

"जाऊ दे. लिव."

मी पेन उघडलं. साऱ्या गावाशी भांडणारी मी, पण काकांशी न भांडता 'दुसऱ्या कुणाचा' खोडलं आणि वर माझं नाव लिहिलं.