ठिपका कुठल्या अंगाला

"या खेपेला गेलीस ना, तर तुझ्या गोळ्यांना मी हात लावणार नाही!"

"नका लावू. देते माझे मी ठिपके."

"दिसतं का तुला? कालच इस्त्रीने अभ्रा जाळलास!"

भाऊ-भावजय भांडत होते आणि भिंतीपलीकडे नणंद भाजी निवडत होती. ऐकू नये म्हणून तिने नळ सोडला, आणि ऐकू येईना म्हणून लगेच बंद केला.

भावजय लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मागच्या कुंपणापलीकडे क्लबाची हिरवळ, तिथे लॉन बोल्स म्हणजे गोळ्यांचा खेळ चालायचा. एकदा तिथे एक गडी कमी पडला म्हणून हिला हाक मारली, आणि ही जी शिरली ती देशाच्या संघात जाऊनच थांबली. विमानाने जायची, पदकं आणायची आणि टॉवेलांच्या कपाटात टाकायची. गल्लीत नाव पडलं गोळेवाली.

नणंदेच्या डोक्यात मात्र तो खेळ कधी शिरला नाही. लांब एक पिटुकला पांढरा चेंडू, त्याच्याजवळ आपला जड गोळा घरंगळत नेऊन थांबवायचा. पण गोळा मुळातच एका अंगाला वळणारा. नेम भलतीकडे धरावा, तेव्हा तो जागी पोचणार. "मग सरळ जाणारे का नाही गं आणत?" तिने विचारलं होतं. भावजय हसून हसून खालीच बसली.

गोळा कुणीकडे वळणार ते त्याच्या एका अंगावरच्या लहान वर्तुळावरून कळतं; ते ज्या अंगाला, तिकडे तो वळतो. ती वर्तुळं झिजली, हिची नजरही मंदावली. तेव्हापासून त्या अंगाला लाल ठिपका द्यायचं काम नवऱ्याचं.

भांडणानंतर सकाळी दाराशी बॅग तयार. गोळे चकचकीत, ठिपके दिलेले. मग काल एवढा आरडाओरडा कशाला? नणंदेला उमजेना.

अंतिम सामना बहीणभावाने टीव्हीवर पाहिला. शेवटचा गोळा भावजयीच्या हातात. तो सुटला, आणि आत वळायचा तो बाहेर वळला, थेट शेजारच्या पट्टीत. पदक गेलं. भाऊ पाणी प्यायला उठला आणि भांडं हातात धरून नुसताच उभा राहिला.

"मुद्दाम केलंस का रे?"

"ताई, मलाच कळत नाही बघ. डोकं तापलेलं, हात आपला ठिपके देतोय. एक उलट्या अंगाला पडला असेल. पडला का पाडला, देव जाणे."

भावजय परतली. संघाने पुन्हा बोलावलं नाही. विचारेल त्याला सांगायची, "माझाच हात चुकला." तिला ठाऊक होतं की नव्हतं? नणंद आळीपाळीने दोघांची तोंडं बघायची आणि आणखीच गोंधळायची.

पुढे भावजय दर शनिवारी क्लबात नव्या मुलींबरोबर खेळायची. अंथरूण धरलं त्याआधीचा शेवटचा शनिवारही तसाच. गोळे नवऱ्यापुढे मांडून म्हणाली, "अहो, ठिपके पुसट झालेत."

त्याने गोळा फिरवून फिरवून पाहिला. "हेच अंग ना?"

"मला काय विचारता? डोळे तुमचे धड आहेत."

त्याने ठिपका दिला. नणंदेने मान लांब करून पाहिलं. ठिपका लहान वर्तुळावरच होता. भावजयीने काही तपासलं नाही. रंगावर फुंकर घातली, बॅग खांद्याला लावली. "वन्सं, येताना पाव आणते हो."

संध्याकाळी पाव आला, बॅग खुंटीला लागली.