उन्हात बसणारा पंचरवाला

घाटंजीच्या बस स्टँडजवळ एक पंचरवाला रोज सकाळी उन्हात बसतो. समोर चहाच्या टपरीवर कडुलिंबाची चांगली सावली आहे, पण हा रस्त्याच्या उघड्या बाजूलेच. शेजारी पोत्यावर त्याची पाच वर्षांची पोरगी. ती बोलत नाही, कोणाकडे पाहत नाही, सायकलचं सुटं चाक फिरवत राहते. ऊन सरकलं की हा हातातलं काम ठेवून पोतं सरकवतो.

मी तोंडाचा फटकळ. एक दिवस टपरीवरून म्हटलं, "काहून पोरीले भाजून राह्यला बे?"

तो हसला. "काका, हिले ऑटिझम आहे. पोटुशीपणी बाईले व्हिटॅमिन डी कमी पडलं तर लेकरू असं होते, असं कोणीतरी हिच्या मायले सांगतलं. नजर लागू नये म्हणून आम्हीच तिले तवा घराबाहेर निघू दिलं नव्हतं. तरी हिची माय स्वतःलेच दोष देते."

"अन् डॉक्टर?"

"ते म्हणतात, संबंध असू शकते, पक्कं काही नाही. उन्हानं हे पोरगी बोलंल, असं मलेही वाटत नाही. पण दहा वाजता हिची माय डबा घेऊन येते. पोरगी उन्हात दिसली का मायही दोन घास खाते."

माझी बायको गेल्या वर्षी गेली. दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "माह्यं काही चुकलं का जी?" मी म्हटलं होतं, "तूच पथ्य पाळलं नाही."

मी स्टूल उचललं आणि त्याच्या बाजूले उन्हात नेऊन ठेवलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरंच झालं.