खाली बसून बघायची मूर्ती

शहराच्या छावणी भागातल्या कौसाबाईंच्या शेडमध्ये बुद्धमूर्ती उभ्याने पाहता येत नसे. गिऱ्हाईक असो की माझ्यासारखा बातमीदार, त्या जमिनीवर पोतं टाकत आणि म्हणत, "बसा खाली. हे उभ्यानं बघायचं काम नाय."

फर्दापूरच्या डोंगरात वडिलांची मेंढरं वळताना त्यांनी लेण्यांतल्या मूर्ती पाहिल्या होत्या. लग्नानंतर शहरात आल्यावर एका वयस्क कारागिराच्या हाताखाली छिन्नी धरली. मूर्तीचे कान लांब का, असं कुणी विचारलं की सांगत, "राजवाड्यातली जड कुंडलं काढून टाकली. पाळ्या तेवढ्या लोंबत राहिल्या." जमिनीला टेकलेल्या उजव्या हाताकडे बोट करून म्हणत, "साक्षीला राजा नाय बोलावला. माती बोलावली."

ते उस्ताद वारल्यावर सिल्लोडजवळच्या एका गावाने विहारासाठी काळ्या दगडातली मूर्ती सांगितली. कौसाबाईंचं हे पहिलं स्वतंत्र मोठं काम. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मूर्ती चौथऱ्यावर चढली. मी बातमीसाठी तिथे होतो. लोक समोर बसले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"बाई," विहार समितीचे अध्यक्ष म्हणाले, "भगवान आमच्याकडं बघंनात. भिताडाकडं बघायलेत."

गावाने श्रद्धेपोटी चौथरा छातीइतका उंच बांधला होता. कौसाबाईंनी डोळे घडवले ते शेडमधल्या बुटक्या ओट्यावर. नजर सगळ्यांच्या डोक्यावरून जात होती.

"चूक माझी. चौथरा मी इचारलाच नाय," त्या म्हणाल्या.

"उद्या लोक यायचेत. मी फायबरची तयार मूर्ती सांगून ठेवतो," म्हणत अध्यक्षांनी फोन लावला.

"सांगा. पर दुपारपर्यंत ह्याला हात लावू नका."

डोळ्याचा खालचा भाग आत घेतला तर नजर उतरते. पण दगड एकदा गेला की परत येत नाही. घाव चुकला तर चेहराच गेला. कौसाबाईंनी गावातल्या म्हाताऱ्या गयाबाईंना समोर बसवलं आणि स्वतः घडवंचीवर चढल्या.

"आजी, बघतोय का?"

"नाय गं. माझ्या डोईवरून चाललाय."

बारीक छिन्नी, हलके घाव. आधी एक डोळा, मग दुसरा. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा नकार.

"बाई, बसून बसून माझीच मूर्ती व्हायली," गयाबाई कुरकुरल्या. लोक हसले. कौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मूर्तीच्या डोळ्यांतली भुकटी फुंकली आणि बाजूला झाल्या.

गयाबाईंनी वर पाहिलं आणि घाईघाईने पदर डोक्यावर घेतला.

"बघतोय गं! आता बघतोय!"

"आमच्याकडंबी!" मागच्या ओळीतून आवाज आला. बाया उठून जागा बदलू लागल्या, प्रत्येक जागेवरून खात्री करू लागल्या. कुणीतरी 'साधु, साधु, साधु' असा साधुकार दिला आणि सगळा विहार त्यात मिसळला.

अध्यक्ष अजून दारात उभे होते.

"अध्यक्ष," घडवंचीवरून कौसाबाई म्हणाल्या, "बसा खाली."

ते बसले. बराच वेळ वर पाहत राहिले. मग बसल्या जागेवरूनच त्यांनी पुन्हा फोन लावला. "नको आणू," ते म्हणाले. "आमचे बुद्ध आलेत."