सॅकवरचं नाव

पाठीला मोठी सॅक लावून गोव्याच्या किनाऱ्यावरून मुंबईला निघालेला माणूस दिसला, तर तुम्ही त्याला काय समजता? खरं सांगा. आधी त्याचे पाय बघता आणि मग ठरवता. बूट असले तर प्रवासी, भेगा असल्या तर चोर.

आमच्या फारीनकाकांच्या पायांना भेगा होत्या.

कामरगावजवळच्या आमच्या वस्तीत त्यांना हे नाव पडलं ते त्यांच्या निळ्या, फॉरेनच्या सॅकमुळे. सोयाबीन निघालं की काका गोव्याला जात. तिथे पर्यटकांसाठी बांबूच्या झोपड्या उभ्या करायच्या आणि पावसाळ्याआधी त्या उतरवायच्या, हे त्यांचं काम. एका गोऱ्या पोराने मायदेशी जाताना ती सॅक त्यांना दिली होती. तिच्या झाकणावर ठळक इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव होतं, थॉमस.

किनाऱ्याचं त्यांना भारी नवल. "आपन उनापासून पयतो, अन् थे लोक पैसे देऊन उनात निजतात," असं सांगताना ते स्वतःच हसत सुटायचे. "कोनालेच घाई नाई बापा तिथं!"

"अन् मुंबईत?" आम्ही विचारायचो.

"मुंबईत उभं राह्यलं का मागून धक्का बसते."

सॅकवरचं नाव गोदाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, डोळ्यांत खुपायचं. "थ्या थामसचं नाव काहून मिरवून राह्यले? खरडून टाका, अन् आपलं लिवा."

"देनाऱ्याचं नाव खरडतात का? मंग तुह्या बापानं देल्ला डबा आन इकडं. त्यावरचं त्याचं नाव घासतो आधी."

आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, आणि ते कुणी पुसत नाही. काकांनी तोच न्याय सॅकला लावला.

झोपड्या उतरल्या की मिळेल त्या ट्रकने काका मुंबई गाठत. पावसाआधीची नालेसफाई, मग पेरणीला घर. वाटेत सॅक बघून कुणी ना कुणी अडवायचंच. पुढे पुढे काका विचारण्याआधीच खाली बसून सामान मांडायला लागले. काकूंसाठी घेतलेलं लुगडं, चादर, डबा. "देखो साब, सब अपना है." हे ते आम्हाला हसत करून दाखवायचे. मला कधी हसू आलं नाही.

गेल्या वर्षी पेरणी झाली तरी काका आले नाहीत. ज्या मुकादमाने त्यांना नालेसफाईला नेलं, त्याचा फोन बंद. त्याच्या टोळीत आमच्याकडचं दुसरं कुणी नव्हतं. मी आणि काकू मुंबईत एकेका चौकीचे उंबरे झिजवत फिरलो.

शेवटी एका चौकीत पोलिसांनी प्रेताचा फोटो दाखवला. काकाच होते. काका नाल्यात उतरले होते, दोराशिवाय. आतल्या वायूने तिथेच गेले. मुकादम त्यांचं आधार कार्ड घेऊन पळाला, टोळी पांगली. काठावर राहिली सॅक. तिच्यावर गोऱ्याचं नाव, म्हणून ती चोरीचा माल ठरली. गोऱ्या मालकाचा शोध झाला. काकांचा कुणी केला नाही. बेवारस म्हणून त्यांना जाळूनही झालं होतं.

"सॅक तुमचीच कशावरून?" साहेबांनी विचारलं.

काकू रडल्या नाहीत. "आत डबा असन पाहा. त्यावर माह्या बापाचं नाव हाये."

डबा निघाला. नावही निघालं. सॅक आमच्या हातात आली.

परतताना शेलूबाजारपर्यंत काकूंनी ती मांडीवर धरली होती. मध्येच त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं. "थामसचं हाये, माह्या बापाचं हाये," त्या म्हणाल्या. "यांचंच नाव राह्यलं."

त्यांचं नाव काशीराम होतं.

दिवाळीनंतर शेलूबाजारच्या, रिसोडच्या स्टँडवर जा. कामाला परगावी निघालेली, जीपच्या टपावर सामान चढवणारी माणसं दिसतील. हळहळून परत येऊ नका. खिशातून पेन काढा आणि त्यांच्या पिशवीवर त्यांचं नाव, गाव आणि घरचा नंबर ठळक लिहून द्या. आणि मुकादम त्यांची कार्डं गोळा करत असेल, तर त्याच्यासमोर उभे राहा आणि ती परत मागा.