यशवंतपूरचा जुना पत्ता

गौरीच्या दिवशी सकाळी बंगळुरूच्या हेब्बाळ भागातील एका अपार्टमेंटमधून सत्तरी ओलांडलेल्या एक बाई कुणाला न सांगता बाहेर पडल्या. त्यांना मधुमेह होता आणि मोबाइल घरीच राहिला होता. दुपारी त्यांचा मुलगा पोलीस ठाण्यात आला. मी तेव्हा तिथे इन्स्पेक्टर होतो. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण त्या दिवसाचा क्रम मला आजही न अडखळता सांगता येतो.

मुलगा आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. घराणे माझ्यासारखेच, पिढ्यानपिढ्या बंगळुरूत राहिलेले मराठी. त्याला मिसिंगची नव्हे, अपहरणाची तक्रार द्यायची होती.

"संशय कुणावर?" मी विचारले.

"धाकट्या भावावर. घर सोडून गेला. आता साडी नेसून टीव्हीवर मुलाखती देतो. त्यानेच आईला फितवलं."

तो ज्याला धाकटा भाऊ म्हणत होता, ती ट्रान्सजेंडर महिला आमच्या माहितीतली होती. एका संस्थेत काम करायची. रेशन कार्ड, आधार कार्डावरचे नाव, पोलिसांचा त्रास अशा कामांसाठी इतरांना घेऊन ठाण्यात यायची. महिन्याभरापूर्वी टाउन हॉलसमोर निदर्शने झाली, तेव्हा तिच्या हातातल्या फलकावर 'आम्हालाही भाड्याने घर द्या' असे लिहिलेले होते. टीव्हीवर तिची मुलाखत त्याच दिवशी झाली.

पहिली खबर अपार्टमेंटबाहेरच्या रिक्षा स्टँडवर मिळाली. एका रिक्षावाल्याने बाईंना यशवंतपूरच्या बाजारापाशी सोडले होते. "हातात मोठी पिशवी होती, सर. वाटेत एकसारखं विचारत होत्या, अजून किती लांब?" मुलाखतीत धाकटीने आपण यशवंतपूरला बाजारामागे राहतो, असे सांगितले होते. मुलाचा संशय पक्का झाला. माझाही झाला.

शिपाई आधी संस्थेने फोनवर सांगितलेल्या तिच्या खोलीवर गेला, मग संस्थेच्या कचेरीत. तासाभरात तिला घेऊन आला.

"त्याला आणलंय, सर."

"तिला," ती दारातूनच म्हणाली. "मागच्या वेळी पण सांगितलं होतं, अण्णा. लक्षात ठेवायला एवढं जड आहे का?"

चौकशीला बोलावलेल्याचा फोन रायटरच्या, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिकाच्या, टेबलाच्या खणात ठेवायची आमची पद्धत होती. तिचाही ठेवला. महिला हेड कॉन्स्टेबलला बाजूला बसवले आणि विचारपूस सुरू केली.

"आई कुठे आहेत?"

"कुणाची?"

"तुमची."

तिचा चेहरा उतरला. "आईला काय झालं?"

"ते तुम्ही सांगायचं."

"साहेब, मी फोन केला की दादा कट करतो. मी आईचा आवाज शेवटचा कधी ऐकला, ते त्यालाच विचारा. बाहेर बसलाय ना? माझ्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय."

खोटे बोलणारा माणूस विचारलेल्यापेक्षा जास्त माहिती देतो, असा माझा अनुभव आहे. ही उलट आम्हालाच विचारत होती. आईने गोळ्या घेतल्या का? पायात चपला कुठल्या होत्या? रस्ता ओलांडताना ती घाबरते, हे शोधणाऱ्यांना सांगितलंय का?

तेवढ्यात सून आईंचा फोटो घेऊन आली. ती नागपूरची, लग्नानंतर इकडे आलेली. घरातून काय काय गेले, असे मी तिला विचारले.

"गोळ्या नेल्यात. आणि पिशवीत दोन नवी सुपं होती. परवा बाजारातून आणली. आमच्याकडे पाखडायला काय असतं हो? विचारलं तर म्हणाल्या, राहू दे, लागतात."

नागपूरच्या सुनेला ते कळले नाही. मला लगेच कळले. आमच्या इकडच्या मराठी घरांनी गौरीची एक रीत कानडी शेजाऱ्यांकडून घेतली आहे. दोन सुपांत हळद-कुंकू, बांगड्या, फणी, डाळ-तांदूळ, गूळ ठेवतात. एक सूप दुसऱ्यावर पालथे घालतात आणि आई ते लेकीला देते. त्याला बागिना म्हणतात. या बाईंना रेशन कार्डावर दोन मुलगे होते.

मी बाहेर मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली होती. आत धाकटी उठून उभी राहिली होती.

"ती मलाच शोधतेय," ती म्हणाली. "टीव्हीवर मी यशवंतपूर म्हटलं होतं. पण ती मुलाखत बघूनच मालकाने मला खोली सोडायला लावली. आईकडे तोच पत्ता आहे."

मी खणातून फोन काढून तिच्या हातात दिला. सिग्नलवर पैसे मागणाऱ्या एकाच मैत्रिणीचे कितीतरी मिस्ड कॉल होते. तिने उलट फोन लावला. बाई सापडल्या होत्या. जुन्या खोलीच्या मालकाने त्यांना सांगितले होते, 'ते लोक इथे नाहीत, सिग्नलवर विचारा.' त्या पिशवी घेऊन फ्लायओव्हरखालच्या सिग्नलवर गेल्या आणि टाळ्या वाजवून पैसे मागणाऱ्या प्रत्येकीला आपल्या लेकीबद्दल विचारत राहिल्या. चक्कर आली, तेव्हा त्या पैसे मागणाऱ्यांनीच बाईंना सावलीत बसवले.

आम्ही पोचलो, तेव्हा बाई भाजीच्या उलट्या क्रेटवर बसून चहा पीत होत्या. दोघीजणी वारा घालत होत्या.

"ए, आली बघ तुझी मुलगी!" त्यातली एक ओरडली. "आज्जी, आता तरी बिस्कीट संपव!"

बाईंनी धाकटीला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"निऱ्या कुणी शिकवल्या तुला? एका बाजूला गेल्यात सगळ्या."

"कुणी नाही, आई."

"तरीच. इकडे ये."

भर रस्त्यात त्यांनी तिच्या निऱ्या सारख्या केल्या. मग पिशवी उघडली. "पदर पुढे कर."

मुलगा जीपजवळच उभा राहिला.

ठाण्यात बाईंचा जबाब घेतला. आपण स्वतःहून गेलो, कुणी नेले नाही आणि आता धाकटीकडेच राहायचे आहे, असे त्यांनी सांगितले. मी मुलाला समजावले की त्या सज्ञान आहेत, कुठे राहायचे ते त्याच ठरवतील. त्याच वेळी धाकटीचा फोन वाजला. दारात पोलीस आले होते म्हणून नव्या खोलीच्या मालकाने तिचे सामान बाहेर काढले होते.

"आई, तू दादाकडे जा," ती म्हणाली. "तुला घेऊन जाऊ कुठे?"

"मला चालेल कुठेही."

"मला नाही चालणार."

बाई मुलाच्या गाडीत बसल्या. गाडी वळेपर्यंत मागच्या काचेत त्यांचा चेहरा दिसत होता. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला नाही.

हरवलेल्या माणसाला कोण शोधतेय, हे आम्ही नेहमी विचारतो. हरवलेला माणूस कुणाला शोधतोय, हे त्यानंतर मी प्रत्येक मिसिंग केसमध्ये विचारले.

काही महिन्यांनी धाकटीचा ठाण्यात फोन आला. बनशंकरीत एका निवृत्त शिक्षिकेने तिला वरच्या मजल्यावरचे घर दिले होते, करार तिच्या स्वतःच्या नावाने. दादा फोन उचलत नव्हता. "साहेब, आईला पत्ता कळवाल?"

मी हेब्बाळच्या घरी फोन लावला. बाईंनीच उचलला. मी पत्ता सांगितला, त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने कळवले, आई पोचली.

या वेळी मुलगा कसलीच तक्रार घेऊन आला नाही.